तापीचा भरलेला डबा

तुकडे

जामनेर रस्त्यावर एक ट्रॅक्टर नाल्यात आडवा पडला होता. समोर डावीकडून गोऱ्हा आला म्हणून स्टिअरिंग फिरवलं, असं मालकाचं म्हणणं. विमा कंपनीच्या बाईंनी ट्रॅक्टरभोवती फेरी मारली आणि विचारलं, "गोऱ्हा डावीकडून आला, मग तुम्ही डावीकडेच का वळलात?" मालक बराच वेळ गोऱ्हा आठवत राहिला.

धुळ्याला एका आईने आपल्या लेकीला वेगळ्या ताटात वाढलं. बाकीचं घर एका पंगतीत बसलं होतं. लेक हसली. तिला याची सवय होती.

अमळनेरच्या बाजूच्या एका घरात देवघराशेजारचा कोनाडा रिकामा आहे. घरात वस्तू ठेवायला जागा नाही, तरी त्यात कोणी काडेपेटीसुद्धा ठेवत नाही.

जळगावात भिकनच्या रिक्षात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी हँडलला तारेने बांधलेली असते.

एका परसातली मांजर, एरवी धड उडी मारता येऊ नये इतकी माजलेली, श्रावणातल्या त्या आठवड्यात भिंतीवर बसून ओरडत होती.

तापीचा डबा भरलेला परत आला.

१

गुन्हा शेवटच्या तुकड्यात आहे. बाकीचे पुढे कामाला येतील.

भरलेला डबा हा काही पोलिसात जमा करायचा मुद्देमाल नव्हे. दीड वर्षाची पोर एखाद्या दिवशी खात नाही. पण जी पाळणाघरात खात नाही ती संध्याकाळी घर डोक्यावर घेते, आणि तापी तर घरात आल्याआल्या पाय पसरून झोपली. मंगळवारी हे झालं तेव्हा तिच्या आईने, सारिकाने, डबा धुऊन टाकला. बुधवारी पुन्हा तेच झालं तेव्हा तिने आधी डबा नाकाशी धरला आणि मग झोपलेल्या तापीचं तोंड. डब्याला खिचडीचा वास होता. तोंडाला जायफळाचा.

पोर किरकिर करत असलं की आजीबाई जायफळ कशाला उगाळतात, हे खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही.

ट्रॅक्टरवाल्याला प्रश्न विचारणारी ती हीच सारिका. सारिका देवरे, विमा कंपनीत सर्व्हेअर. उलटलेल्या, धडकलेल्या, जळालेल्या गाड्या पाहायच्या आणि मालकाच्या गोष्टीत खरं किती ते ठरवायचं, हा तिचा धंदा. माणसं सांगतात ते ती ऐकून घ्यायची. अहवालात मात्र पत्र्यावरच्या पोच्याने जे सांगितलं तेवढंच जायचं.

पाळणाघरंही तिने तशीच पाहिली होती. एका ठिकाणच्या बाई फार गोड बोलल्या, पण भिंतीवरची खेळणी मुलांच्या हाताला येणार नाहीत इतक्या उंचावर होती आणि त्यांच्यावर धूळ होती. दुसरीकडे दुपारी गेली तर सगळी मुलं गाढ झोपलेली. "किती शांत आहेत बघा," असं तिथल्या बाई म्हणाल्या. सारिका चपला घालून बाहेर पडली. एवढी मुलं एकाच वेळी आपणहून झोपत नाहीत.

हे तिसरं. बोर्डावर नाव नाही, फक्त "पाळणाघर" आणि उन्हाने पुसट झालेला मोबाईल नंबर. इथली खेळणी चावलेली होती, भिंतीवर मुलांच्या उंचीला तेलकट हात उमटलेले होते, आणि दोन मुलं भांडत होती. सारिकाला ते आवडलं.

पोरीला सवय व्हावी म्हणून सोडायचे पहिले दिवस चांगले गेले होते. डबा चाटूनपुसून परत यायचा. येत्या सोमवारपासून तिची अर्ध्या दिवसाची सवलत संपणार होती. नवरा भूषण पाचोऱ्याच्या कॉलेजात शिकवतो, सकाळच्या गाडीने जातो तो दिवेलागणीला येतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "हे जमलं तर ठीक. नाही जमलं तर तापी धुळ्याला, तुझ्या आईकडे. आपण रविवारी जाऊ भेटायला."

रविवारी भेटायची मुलगी. सारिकाने हे कबूल केलं होतं, कारण नोकरी सोडण्याचा विषय कोणी काढत नव्हतं. तो विषय नुसता रोज जेवायला येऊन बसायचा.

आणि आता जायफळ.

२

घटनास्थळ: पाळणाघर, पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परस.
कॅमेरा: हॉलमध्ये. पालकांना मोबाईलवर दिसतो. स्वयंपाकघरात नाही.
नुकसान: बाहेरून काही नाही.
शेरा: गाडीचा समोरून काढलेला फोटो सगळेच पाठवतात.

३

"मॅडम, इथे बाहेरचा कणसुद्धा कोणी भरवत नाही," दिपमाला म्हणाली. पाळणाघर तिचं. चाळिशीच्या आतली, ताठ बसणारी बाई. "लोक वाढदिवसाचा केक पाठवतात, तोही मी परत करते. तोंडं पडतात त्यांची. पडू देत."

"जायफळाचा वास कुठून आला?"

"तुमच्या घरून आला असेल."

"माझ्या घरात जायफळ नाही."

दिपमालाने क्षणभर विचार केला आणि आवाज उतरवला. "उषाला विचारा. नवीन आहे. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. मुलींना काय सवयी असतात आपल्याला काय ठाऊक."

उषा हॉलमध्ये एका मुलाच्या नाकातला मणी काढत होती. मणी काढून झाल्याशिवाय तिने मान वर केली नाही.

"तापी जेवत का नाही?"

"माझ्याकडून जेवत नाही. मी घास पुढे केला की तोंड फिरवते. पोट भरलेलं असतं तिचं."

"कोण भरवतं?"

उषाने मणी स्वतःच्या ओच्यात टाकला. "मी हॉलमध्ये असते, ताई. मला इथे ज्यांनी आणलं त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

तिसरी होती पुष्पाबाई. साठीच्या पुढची, डबे गरम करणं, दूध तापवणं आणि रडणारी मुलं काखेत घेऊन फिरणं ही तिची कामं. तिला सगळे अक्का म्हणायचे, गॅसची टाकी आणणारासुद्धा. मागच्या भिंतीवर मांजर ओरडत होती.

"तिला काय झालं, अक्का?"

"सवय लागली. माझ्या डब्यातलं उरलेलं तिला टाकते ना."

"मग टाका की."

"या आठवड्यात टाकण्यासारखं काही नाही."

पुष्पाबाईने तापीला काखेत घेतलं होतं. तिच्या गालावरची तीट फिसकटली होती, ती तिने बोटाने नीट गोल केली. मग सारिकाकडे न बघता म्हणाली, "तुमचं माहेर धुळ्याचं ना? परवा कानबाईच्या सणाला गेला असाल."

"गेले होते. सोमवारी विसर्जन करून आलो."

"जेवलात?"

"जेवले."

"वेगळ्या ताटात," पुष्पाबाई म्हणाली. तिने विचारलं नव्हतं. ती सांगत होती.

मागे दूध उतू गेलं, आणि ती गॅसकडे वळली.

४

भिकनची रिक्षा मुलांना आणायची-सोडायची. सारिकाने त्याला नाक्यावर गाठलं.

"भिकनभाऊ, रिक्षात मुलांना काय देता तुम्ही?"

भिकन आधी बरणीकडे बघून हसला, मग गंभीर झाला. "गोळी देस, ताई. लिमलेटनी. आते तुम्ही माले फाशी देशात का?"

"तापीला पोळी दिली का कधी? गोड, जायफळाची?"

"पोळी? मन्या बायकोनी माले स्वतःले पोळी खावाडी नही श्रावणमा." त्याने रिक्षाच्या टपावर हात ठेवला. "आन् ऐका. एक पोरले गोळी दिधी का बठ्ठासले द्यावी लागस. नहीतर रिक्षामा तमाशा. एकलीले देणारा माणूस मूरख तरी शे, नहीतर त्याले काही कारण शे."

"एकटीला दिलं असं कोण म्हणालं?"

"ती सोनारनी पोर. परवापासून रडत येस. 'तापीले पोळी, माले नही. तापीले पोळी, माले नही.' मना डोकामा तेच गाणं वाजी राहिनं."

पाळणाघरात पंचवीस मुलं असोत की पाच, एकालाच खायला देणं म्हणजे आगीत रॉकेल. हे तीन आया एकत्र आल्या की कोणालाही कळतं. तरीही कोणीतरी ते करत होतं, आणि तेही चोरून.

सारिका परत फिरली. पाळणाघराच्या दारात उषा आपली कापडी पिशवी छातीशी धरून उभी होती आणि दिपमाला तिच्याशी बोलत होती, म्हणजे दिपमाला बोलत होती.

५

चुकीचं उत्तर

पिशवीत जायफळ निघालं होतं.

"बघा," दिपमालाने ते सारिकाच्या हातावर ठेवलं. "तुम्ही विचारलंत म्हणून मी सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. आता तुमचा विश्वास बसेल ना माझ्या पाळणाघरावर? उषा उद्यापासून येणार नाही."

"माझ्या लेकराच्या घुटीचं आहे," उषा म्हणाली. "पाड्यावर आहे तो, माझ्या सासूकडे. शनिवारी गावची जीप जाते, तिच्याबरोबर पाठवायचं होतं."

"तुला लेकरू आहे?" सारिकाने विचारलं.

"आहे. चैत्राम."

"भेटतेस कधी?"

"जीपमध्ये जागा असली की."

सारिकाने जायफळ उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग ते उषाच्या हातात परत दिलं. दिपमालाला वाटलं तसं ती काही बोलली नाही. उषाला वाटलं होतं तसंही काही बोलली नाही. ती फक्त म्हणाली, "उद्या सकाळी तू ये. पिशवी घ्यायला म्हणून ये. पण ये."

जायफळ अख्खं होतं. सहाणेवर एकदा जरी फिरवलं असतं तरी एका बाजूला ते सपाट झालं असतं. त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

गाडी जिथे धडकलीच नाही तिथला पोचा कोणी दाखवत असेल, तर खरा पोचा दुसरीकडे असतो.

६

संध्याकाळी सारिकाने मोबाईल भांड्यांच्या फळीला टेकवून ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता हॉलच्या कॅमेऱ्याचं आधीच्या दिवसांचं चित्रण लावलं. बाहेरच्या खोलीत तिचे सासरे, सुकदेव आबा, बातम्या बघत होते. ते डोळे दाखवायला सोमवारी जळगावला आले होते. डोळे मंगळवारीच दाखवून झाले. आबा मात्र अजून गावी जायचं नाव काढत नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "नातीकडे बघतो जरा." बुधवारी आणि गुरुवारी सकाळी तापीला सोडायला ते स्वतःच गेले होते.

चित्रात बुधवारची दुपार आली. पुष्पाबाई तापीला काखेत घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, तापीच्या मुठीतून काहीतरी फरशीवर पडलं. पुष्पाबाई वाकली. पडलेला कण तिने उचलला, पदराला पुसला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. केराची टोपली दोन हातांवर होती. स्वयंपाकघराच्या दारातून डोकावणारी मांजर त्याच कणाकडे बघत होती.

सारिकाचं लाटणं थांबलं.

तिने चित्र मागे नेलं. बुधवारची सकाळ. आबा तापीला घेऊन दारात उभे. पुष्पाबाई आतून लगबगीने येते, तीन पावलांवर थबकते, आणि पदर हनुवटीपर्यंत खाली ओढते. मान वळवून भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

ही तीच बाई, जी गॅसवाल्यासमोर कमरेला पदर खोचून टाकी तोलून बघायची.

आबांनी तापीला तिच्या हातात दिलं नाही. त्यांनी पोर फरशीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. मग पुष्पाबाईने तिला उचललं.

सारिकाने गुरुवारची सकाळ लावली. तेच दार, तेच आबा, तीच पोर. समोर दिपमाला होती. आबांनी तापी सरळ तिच्या हातात दिली.

पोळी तव्यावर करपली. बाहेरच्या खोलीतून आबांनी विचारलं, "काय जळतंय?"

"काही नाही, आबा," सारिका म्हणाली. "तुम्हाला भाऊ होता ना?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. 

७

उत्तर भूषणने दिलं, जेवताना, आबा झोपायला गेल्यावर.

"झुलालकाका. धाकटे. माझे आजोबा वारले तेव्हा भांडण झालं. शेताचं नाही, कानबाईचं. तिचं नारळ आमच्या कोनाड्यात असायचं. काका वेगळे झाले तेव्हा ते उचलून घेऊन गेले. आबांनी शपथ घेतली, झुलालच्या उंबऱ्याचं पाणी पिणार नाही. पुढे काका गेले, तेव्हा आम्ही दारावरही गेलो नाही. मी लहान होतो. काकू मला नीट आठवतही नाही."

"तेव्हापासून तुमच्याकडे कानबाई नाही."

"नाही. मी कधी रोट खाल्लेला नाही." तो थोडं हसला. "वर्गात पोरं डब्यात आणायची. मागितला की म्हणायची, तुला चालत नाही, तू आमच्यातला नाहीस. घरी आलो की आपलं काही नसायचं."

खान्देशातल्या माणसाला एवढं पुरतं. तरी ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगायला हवं. कानबाई ही इथली देवी, नारळाच्या रूपात पुजतात. श्रावणात तिच्या सणाला घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ गहू घेतात, ते दळतात आणि त्या पिठाच्या पुरणाच्या पोळ्या करतात. ते रोट. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, जिवलग मैत्रिणीला नाही, लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेल्या लेकीलाही नाही. तिला आई दुसऱ्या पिठाचं करून वेगळ्या ताटात वाढते. रोटाचा कण टाकायचा नाही, जनावराला घालायचा नाही, आणि पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं.

सारिकाने हात धुतले. तिला पूर्ण गाडी दिसत होती, आणि पोचा कुठून कुठे गेला तेही. एकच गोष्ट तिला लागत नव्हती. हे कळल्यावर आपण तापीला तिथे ठेवायचं की धुळ्याला पाठवायचं?

८

शुक्रवारी सकाळी सारिका आबांना बरोबर घेऊन गेली. मुलं यायची होती. हॉलमध्ये दिपमाला, दाराशी पिशवी धरून उषा, खुर्चीवर आबा. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं, आणि दाराच्या फटीत एका साडीचा काठ. तापी फरशीवर चावलेल्या घोड्याला पुन्हा चावत होती.

"जायफळ पिशवीतलं नव्हतं," सारिका म्हणाली. "ते अख्खं होतं. वास होता तो पुरणातल्या जायफळाचा. तापीला कोणी झोपवत नव्हतं. पोटभर पुरण खाल्लं की मोठी माणसंही झोपतात."

"पुरण कोणी दिलं?" दिपमालाने विचारलं.

"उषाने दिलं असतं तर सगळ्यांना दिलं असतं, नाहीतर कोणालाच नाही. जो ही मुलं सांभाळतो तो एकीलाच खायला देत नाही. भिकनलाही तेवढं कळतं. म्हणजे देणारीचा नाइलाज होता. दुसऱ्या मुलांना ती देऊच शकत नव्हती. पडलेला कण टाकू शकत नव्हती, म्हणून स्वतः खाल्ला. मांजरीला घालू शकत नव्हती, म्हणून मांजर उपाशी. आणि हे सगळं कानबाईनंतरच सुरू झालं. त्याआधी तापी डबा संपवत होती."

दिपमाला सावकाश खाली बसली. तीही इथलीच. "रोट," ती म्हणाली. "पण रोट तर..."

"कुळातल्यालाच देतात. म्हणून प्रश्न असा, की या पाळणाघरात देवऱ्यांची सून कोण आहे?"

 दाराच्या फटीतला काठ हलला.

"पदर गॅसवाल्यासमोर घ्यावा लागत नाही, भिकनसमोर नाही. जेठासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, घ्यावा लागतो. बुधवारी अक्कांनी तो हनुवटीपर्यंत घेतला. म्हणजे त्या आबांच्या धाकट्या भावाची बायको. धाकटा भाऊ एकच होता. उषाला इथे अक्कांनीच आणलं, म्हणून ती बोलली नाही." सारिका सासऱ्यांकडे वळली. "आणि आबा, धाकट्या भावाच्या बायकोच्या हातात हात लागू नये म्हणून जेठ पोर खाली ठेवतो. तुम्ही ठेवलीत. दिपमाला मॅडमच्या हातात दिलीत. तुम्हालाही कळलं होतं. म्हणूनच तुमचे डोळे अजून दाखवून झाले नाहीत."

आबांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. बोलले ते सारिकाशी नाही. जेठ आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये कोणी लागतं. त्यांनी फरशीवरच्या नातीकडे बघितलं.

"तापी," ते म्हणाले, "तुनी आजीले सांग, जळगावमा माले देखीसन पदर दुसरी कोन लेई? चेहरा देखाना कामच नही पडना."

तापीने घोडा बाजूला ठेवला आणि कौतुकाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

दारामागून आवाज आला. बारीक, पण थरथरणारा नव्हता. "तापी, तुना आबाले सांग, पीठ बठ्ठासना नावनं शे. त्यास्ना बी नावनं, भूषणना बी नावनं. नारळ मना घरमा उनं म्हनीसन मी माणसं कमी करनू नहीत. मना पोरगा सुरतले, बोलावं तरी येत नही. बठ्ठं पीठ मी एकली कितलं खाऊ? परकाले देता येत नही. फेकता येत नही. उद्या पुनव."

"मग मला का नाही विचारलं?" सारिका म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा कोरडा राहिला नाही. "माझी पोर आहे. मी तीन दिवस काय काय विचार केला असेल?"

फटीतून पुष्पाबाई आता पूर्ण दिसली, पदर तसाच. सारिकाशी ती सरळ बोलू शकत होती. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही घरी सांगितलं असतं. यांनी शपथ घेतलीय. पोर दुसऱ्या दिवसापासून आली नसती." ती थांबली. "चुकलं ते चुकलं. लपवायला नको होतं."

सारिकाला हे पटलं. लपवणं हाच खरा पोचा होता, रोट नव्हे.

"शपथ उंबऱ्याची होती," आबा तापीला म्हणाले. ते बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत होते. "आठे झुलालना उंबरा नही. तापी, तुनी आजीले इचार, पीठ कितलं उरनं शे."

 पुष्पाबाई आत गेली आणि फडक्यात बांधलेला रोटांचा डबा घेऊन आली. तो तिने फरशीवर ठेवला, आबांच्या पायांपासून दोन हातांवर, आणि मागे सरली. आबांनी वाकून तो उचलला.

उषा दाराशीच होती. "म्हणजे मी आणि मांजर सारख्याच," ती म्हणाली.

"आणि मी," दिपमाला म्हणाली. मग तिच्याकडे न बघता, "पिशवी खुंटीला लाव. मुलं येतील आता." एवढ्यावर उषा हलली नाही. "चुकलं माझं," दिपमाला म्हणाली. तेव्हा उषाने पिशवी खुंटीला लावली.

"तापी सोमवारपासून इथेच येईल," सारिका म्हणाली. "स्वयंपाकघराचं दार उघडं राहील. काय भरवलं ते मला कळेल, मग ते कोणाच्याही नावाचं असो."

पुष्पाबाईने मान हलवली. आबांनी रोट मोडला, एक तुकडा तापीच्या हातावर ठेवला आणि उरलेला सुनेपुढे धरला. सारिका क्षणभर घोटाळली. धुळ्याचं कूळ लग्नाच्या दिवशी सुटलं होतं, आणि या कुळाचा कोनाडा रिकामा. इतकी वर्षं तिचं ताट दोन्हीकडून वेगळं होतं.

तिने खाल्लं. रोट कालचा होता, जरा वातड झालेला. जायफळ जास्त पडलं होतं.

मागच्या वर्षीच्या श्रावणात, तापीचं नाव अजून कुठल्याच पाळणाघरात नव्हतं तेव्हा, पुष्पाबाईने देवऱ्यांच्या पुरुषांच्या नावाने गहू घेऊन झाल्यावर एक मूठ आणखी घेतली होती, भूषणच्या पोरीची. मुलींच्या नावाने घेत नाहीत.